कीटकांचा सोबती

मृगाच्या सरी पडून गेल्या, की विदर्भातील काळ्या मातीत नवे चैतन्य येते. वर्धा जिल्ह्यातील देवळी गावाचेच उदाहरण घ्या. शिवारात कपाशीचे अंकुर वर येतात, बांध हिरवे होतात आणि परसातल्या कागदी लिंबाला कोवळी पालवी फुटते. त्या पालवीकडे निरखून पाहिले, तर पाखराच्या विष्ठेसारखा दिसणारा एक मळकट ठिपका पानाच्या कडा कुरतडत असलेला आढळतो. बहुतेकांचे त्याच्याकडे लक्षच जात नाही. ज्याचे जाते, तो किळस येऊन त्याला काडीने झटकून टाकतो. तीन-चार आठवड्यांनी त्याच अंगणात पिवळ्या-काळ्या नक्षीचे एक सुंदर फुलपाखरू भिरभिरू लागते, तेव्हा मात्र तोच माणूस कौतुकाने पाहत उभा राहतो. तो मळकट ठिपका आणि हे फुलपाखरू एकाच जीवाची दोन रूपे आहेत, हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात जन्मलेल्या एका माणसाने अशा क्षुद्र मानलेल्या जीवांवर मनापासून प्रेम केले. त्याने कीटक गोळा केले, त्यांचे संग्रह मांडले, अळ्या पाळल्या आणि त्यांच्या जीवनाचा वृत्तांत मोठ्या रसाळपणे लिहून ठेवला. त्याचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. आपल्या नावाची तीन इंग्रजी आद्याक्षरे जोडून त्यांनी ‘एहा’ हे टोपणनाव घेतले आणि याच नावाने ते वाचकांना परिचित झाले.

एटकिन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी सातारा येथे झाला. त्यांचे वडील स्कॉटलंडमधून आलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मुलाचे शिक्षण वडिलांनी स्वतःच केले. पुढे मुंबई व पुणे येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. व एम. ए. या परीक्षांत ते पहिले आले. ग्रीक व लॅटिन या प्राचीन भाषांवर त्यांचे उत्तम प्रभुत्व होते. १८७० ते १८७६ या काळात त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन भाषा शिकविली. अशा विद्वान तरुणाचे सारे आयुष्य ग्रंथालयात जाईल, असे कोणालाही वाटले असते. परंतु घडले ते वेगळेच.

१८७६ साली एटकिन मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात दाखल झाले. मीठ तयार होते तेथे देखरेख ठेवणे, त्यावरील कर वसूल करणे आणि सरहद्दीवरून चोरटा माल येऊ न देणे, ही त्या खात्याची कामे होती. मिठासारख्या गरिबाच्या गरजेच्या वस्तूवर परक्या सरकारने बसविलेला हा कर लोकांना जाचक वाटे. याच कराविरुद्ध पुढे १९३० साली महात्मा गांधींनी सत्याग्रह केला. एटकिन त्या सरकारचे एक अधिकारी होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. पण नोकरीपलीकडे त्यांनी जे कार्य केले, त्याचा लाभ मात्र या देशातील ज्ञानाला झाला.

या नोकरीत त्यांची नेमणूक दूरदूरच्या ठिकाणी होई. कच्छच्या छोट्या रणाच्या काठावरील खाराघोडा, कोकणातील उरणची मिठागरे, रत्नागिरी, कारवारच्या बाजूचा उत्तर कानडा जिल्हा आणि गोव्याची सरहद्द अशा अनेक जागी ते राहिले. कित्येक ठिकाणी गप्पागोष्टींना सोबती मिळणे कठीण. अशा एकान्तात पुष्कळांचे मन उदास होते. एटकिन यांनी मात्र आपल्या बंगल्याभोवतीच सोबती शोधले. छपरातले उंदीर, भिंतीवरची पाल, अंगणातले कावळे, दिव्यावर झेपावणारे पतंग, साखरेच्या डब्यापाशी रांग धरणाऱ्या मुंग्या, ओसरीच्या कोपऱ्यात मातीचे घर बांधणारी गांधीलमाशी, हे त्यांचे शेजारी झाले. त्यांच्या खोड्या, त्यांची कामे व त्यांची भांडणे ते तासन् तास पाहत बसत.

या निरीक्षणांतून १८८३ साली त्यांचे पहिले प्रसिद्ध पुस्तक तयार झाले. घराभोवतीचे प्राणी म्हणजे जणू आपल्या सरहद्दीवर राहणाऱ्या निरनिराळ्या जमाती, अशी कल्पना करून त्यांनी ते लिहिले आहे. एखाद्या सेनापतीने शत्रूच्या टोळ्यांचे वर्णन करावे, तसे डासांचे व मुंग्यांचे वर्णन त्यात येते आणि वाचकाला हसू आवरत नाही. पण त्या विनोदाच्या आड बारकाईने केलेले निरीक्षण आहे. या पुस्तकात फुलपाखरांविषयीही एक प्रकरण आहे. जाळे घेऊन फुलपाखरांची शिकार कशी करावी, हे त्यात सांगितले आहे, आणि गुराख्याने गुरे राखावीत तशी अळ्यांची खिल्लारे कशी राखावीत, हेही सांगितले आहे. शिकारी आणि गुराखी! कीटकांचा छंद करणाऱ्याला हे दोन मार्ग मोकळे असतात. एटकिन यांच्या जीवनाचे मर्म या दोन मार्गांत सामावले आहे.

त्या काळी कीटकांचा संग्रह करणे हा एक आवडता छंद होता. संग्राहक पातळ कापडाचे जाळे घेऊन रानात जाई. धरलेला कीटक विषारी औषध घातलेल्या बाटलीत टाकून मारला जाई. मग त्याच्या धडातून बारीक टाचणी आरपार घालीत आणि पंख खोबणीच्या फळीवर नीट पसरून वाळवीत. पुढे बुचाचा थर लावलेल्या पेटीत असे कीटक ओळीने टाचून ठेवीत आणि वर काचेचे झाकण बसवीत. हे काम वाटते तितके सोपे नव्हे. फुलपाखराच्या पंखांवरील रंग म्हणजे अतिशय सूक्ष्म खवले असतात. बोटांचा जरासा स्पर्श झाला, तरी ते धुळीसारखे झडून जातात. शिवाय आपल्या देशातील पावसाळा हा अशा संग्रहाचा मोठा वैरी. ओलाव्याने बुरशी येते आणि मुंग्या व इतर बारीक किडे एका रात्रीत महिन्यांची मेहनत फस्त करतात. म्हणून पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवाव्या लागतात व ती वरचेवर तपासावी लागते.

अशा प्रत्येक कीटकाखाली एक लहानशी चिठ्ठी असते. तो कोठे सापडला, कोणत्या दिवशी सापडला व कोणी धरला, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. परंतु शास्त्राच्या दृष्टीने ती चिठ्ठी फार मोलाची. चिठ्ठी नसेल, तर सुंदरातले सुंदर फुलपाखरूही केवळ शोभेची वस्तू ठरते. चिठ्ठी असेल, तर एखादे फाटक्या पंखाचे पाखरूसुद्धा शंभर वर्षांनंतर साक्ष देऊ शकते. अमुक गावी, अमुक महिन्यात ही जात आढळत होती, हे त्याच्यामुळे कळते.

असे संग्रह करणारे लोक निरनिराळ्या गावी विखुरलेले होते. एकाला काय सापडले, हे दुसऱ्याला कळत नसे. ही उणीव दूर करण्यासाठी १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि त्यांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ ही संस्था स्थापन केली. त्या आठ जणांत एटकिन होते, तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन नामांकित भारतीय वैद्यकतज्ज्ञही होते. महिन्यातून एकदा जमावे, आपापली निरीक्षणे एकमेकांस सांगावीत आणि मिळालेले नमुने सर्वांना पाहावयास मांडावेत, असा त्यांचा साधा बेत होता. आरंभीच्या सभा भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात होत. आज त्या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे.

एटकिन या संस्थेचे पहिले चिटणीस झाले. १८८४ साली संस्थेला फोर्ब्स स्ट्रीटवर एक जागा मिळाली. घरोघरच्या पेट्यांत पडून राहणारे नमुने आता एका ठिकाणी जमू लागले, त्यांची तुलना होऊ लागली आणि चुका सुधारल्या जाऊ लागल्या. जानेवारी १८८६ मध्ये संस्थेचे नियतकालिक निघाले. त्याच्या पहिल्या संपादकांत एटकिन यांचा समावेश होता. संस्थेच्या संग्रहातील मुंबईकडच्या फुलपाखरांची यादीही त्यांनी टिपणांसह प्रसिद्ध केली. आठ माणसांनी लावलेले हे रोप पुढे मोठा वृक्ष झाले. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या कार्यालाही याच संस्थेचा आधार मिळाला.

एवढे झाल्यावर एखाद्याला वाटले असते, की आता फुलपाखरांविषयी जाणावयाचे ते जाणून झाले. पण पेटीतील मृत फुलपाखरू आपले रूप तेवढे दाखविते. ते कोणत्या झाडावर वाढले, त्याची अळी कशी होती, तिचे शत्रू कोण व मित्र कोण, या प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळ नसतात. ती मिळवावयाची, तर जिवंत प्राण्याकडेच गेले पाहिजे. उत्तर कानड्यातील घनदाट अरण्यात एटकिन यांना ही संधी मिळाली. त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेला हा जिल्हा १९५६ नंतर कर्नाटकाचा भाग झाला आहे. कारवार हे त्याचे मुख्य ठिकाण. सह्याद्रीचा उतार, भरपूर पाऊस आणि नाना जातींची झाडे यांमुळे ते फुलपाखरांचे माहेरघरच होते.

तेथे एटकिन यांना दोन सहकारी लाभले. एक जे. डेव्हिडसन हे मुलकी अधिकारी आणि दुसरे टी. आर. बेल हे जंगल खात्यातील अधिकारी. या तिघांनी आपापली सरकारी कामे सांभाळून फुलपाखरांच्या अंड्यांचा व अळ्यांचा शोध आरंभिला. मादी कोणत्या पानावर अंडे घालते, हे पाहावयाचे. अळीला त्याच झाडाची ताजी पाने खाऊ घालावयाची. ती कितीदा कात टाकते, तिचा रंग कसा पालटतो, ती कोश कोठे करते, हे टिपून ठेवावयाचे, असा त्यांचा क्रम होता. या कामात उतावळेपणा चालत नाही. अळीला तिचे नेमके पान मिळाले नाही, तर ती उपाशी मरते. दुसरे कितीही कोवळे पान दिले, तरी तिकडे ढुंकूनही पाहत नाही. कधी कोशातून फुलपाखरू निघण्याची वाट पाहावी आणि आतून बारीक माश्याच बाहेर पडाव्यात, असेही घडते. त्या माश्यांच्या आईने अळीच्या शरीरात आधीच अंडी घातलेली असतात. अशा प्रसंगी पाळणाऱ्याची निराशा होते, पण निसर्गाचा एक नवा नियम त्याला उमगतो.

अशा पालनातून केवढे ज्ञान मिळते, हे एका उदाहरणावरून दिसून येईल. आपल्याकडे नारिंगी पंखांचे, पंखांच्या टोकाशी काळा पट्टा व पांढरे ठिपके असलेले एक फुलपाखरू सर्वत्र दिसते. त्याची अळी रुईच्या पानांवर वाढते. रुईच्या चिकातील विष तिच्या अंगात भिनते, म्हणून पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. अगदी याच्यासारखेच दिसणारे दुसरे एक फुलपाखरू आहे. पण ते विषारी नाही. त्याची अळी घोळाच्या भाजीवर वाढते. पक्षी फसतात आणि त्याला सोडून देतात. खरी नवल वाटण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. घोळावर वाढलेल्या या जातीतील माद्या तेवढ्या नारिंगी असतात. नर मात्र काळेभोर असून त्यांच्या पंखांवर निळसर झाक असलेले मोठे पांढरे ठिपके असतात. पेटीत शेजारी टाचलेले ते नर-मादी पाहून ते एकाच आईची लेकरे आहेत, असे कोणी म्हणेल काय? अंड्यांपासून त्यांना वाढविल्यावर मात्र शंकेला जागा उरत नाही.

कानड्याच्या रानात या तिघांनी अळ्या व मुंग्या यांच्या मैत्रीचीही नोंद केली. काही लहान निळ्या फुलपाखरांच्या अळ्या अंगातून गोड रस पाझरतात. मुंग्या तो रस चाटतात आणि अळ्यांभोवती पहारा ठेवतात. अशा अळ्या शोधावयाच्या, तर पानावर मुंग्या कोठे घुटमळत आहेत, ते आधी पाहावे लागते. मृत फुलपाखरांच्या पेटीतून ही गोष्ट कधीच कळली नसती.

या परिश्रमांचे फळ त्यांनी संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. १८९० साली डेव्हिडसन व एटकिन यांचा अळ्या व कोश यांविषयीचा लेख आला आणि १८९६ पासून तिघांनी मिळून उत्तर कानड्यातील फुलपाखरांचा विस्तृत वृत्तांत दिला. पुढे बेल यांनी हे काम अनेक वर्षे चालू ठेवले आणि मैदानी प्रदेशातील सामान्य फुलपाखरांवर मोठी लेखमाला लिहिली. एकाने लावलेला दिवा दुसऱ्याने असा तेवत ठेवला.

कानड्याच्या अरण्यातील भटकंतीवर एटकिन यांनी १८९४ साली आणखी एक सुंदर पुस्तक लिहिले. झाडाची पाने विणून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्या, खाजणातील खेकडे आणि रानातले किडे-पाखरे यांची त्यात मनोरंजक चित्रे आहेत. मुंबईतील नेहमीच्या पक्ष्यांविषयीही त्यांनी पुस्तक लिहिले. लॅटिन आणि ग्रीकचा हा पंडित अवघड शब्दांच्या मागे लागला नाही. सामान्य माणसाने आपल्या अंगणाकडे डोळे उघडून पाहावे, हीच त्यांच्या लेखनामागील इच्छा होती.

हा छंद केवळ करमणुकीचा नाही, याचा प्रत्यय १९०२ साली आला. गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर हिवतापाने कहर केला होता. डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे दाखवून दिले होते. तेव्हा नाक्यांवरील हिवतापाची चौकशी करून डासांचा बंदोबस्त सुचविण्यासाठी सरकारने एटकिन यांची खास नेमणूक केली. डास ओळखावयाचा, तर त्याच्या अळ्या ओळखल्या पाहिजेत. साध्या डासाची अळी पाण्यात तिरकी लोंबकळते, तर हिवताप पसरविणाऱ्या वर्गातील डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. फुलपाखरांच्या अळ्या पाहून तयार झालेली नजर येथे उपयोगी पडली. या शोधात एटकिन यांना त्या वर्गातील डासाची एक नवी जात सापडली. शास्त्रज्ञांनी तिला त्यांचेच नाव दिले. एखाद्या डासाला आपले नाव मिळावे, हा मान कोणाला चमत्कारिक वाटेल. परंतु कीटकांच्या या सोबत्याला याहून शोभणारे स्मारक कोणते असणार?

१९०३ साली एटकिन यांची कराची येथे जकात खात्याचे मुख्य अधिकारी म्हणून नेमणूक झाली. पुढे सिंध प्रांताचे गॅझेटियर तयार करण्याचे कामही त्यांच्याकडे आले. १९०६ साली ते निवृत्त होऊन स्कॉटलंडला गेले. तेथे एडिंबरो शहरी ११ एप्रिल १९०९ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या आयुष्याचा बहुतेक काळ या देशाच्या मातीतच गेला होता.

एटकिन यांच्या काळी रानात फुलपाखरे धरून मारण्यास कोणाची आडकाठी नव्हती. आज काळ बदलला आहे. अरण्ये आक्रसली आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनेक जातींच्या फुलपाखरांना अभय दिले आहे. त्यांना पकडणे किंवा त्यांचे संग्रह करणे हा गुन्हा आहे. २०१५ साली महाराष्ट्राने नीलवंत या निळ्या-काळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. जाळे घेऊन शिकार करण्याचा मार्ग आता सामान्य छांदिष्टाला उरलेला नाही. पण दुसरा मार्ग कोणीच अडविलेला नाही. अळीला तिच्या झाडावर राहू द्यावे, रोज जाऊन तिला पाहावे आणि जे दिसेल ते स्थळ व तारीख घालून वहीत लिहावे. ही वही म्हणजेच आजचा संग्रह.

त्यासाठी कारवारच्या अरण्यात जाण्याचीही गरज नाही. देवळीच्या परसातील कागदी लिंबावर तो मळकट ठिपका अजून पान कुरतडत आहे. काही दिवसांनी तो कात टाकून हिरवागार होईल. त्याला डिवचले, तर डोक्यामागून तांबडी शिंगे बाहेर काढून तो उग्र वास सोडील. मग एखाद्या काडीला रेशमी धाग्याने स्वतःला बांधून घेऊन तो स्वस्थ बसेल. आणि एका सकाळी कोश उकलून, चुरगळलेले ओले पंख वाळवीत, एक पिवळे-काळे फुलपाखरू बाहेर येईल. ते उडून गेल्यावर पेटीत काहीच उरणार नाही. पण ज्याने ते रोज पाहिले, त्याच्या वहीत त्याचा सारा जीवनवृत्तांत असेल.